16 टचडाऊनवरून थेट 60: एलएसयूचा 2019 चा सीझन नेमका घडला कसा?

नमस्कार मंडळी! आज पहिल्यांदा दोन आकडे सांगतो, मग बाकीचं बोलू. 2018 च्या सीझनमध्ये लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एलएसयूच्या, जो बरो नावाच्या क्वार्टरबॅकने 16 टचडाऊन पास टाकले होते. 2019 मध्ये त्याच पोराने, त्याच कॉलेजकडून, त्याच हेड कोचच्या हाताखाली 60 टाकले. साठ! अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या वरच्या डिव्हिजनमध्ये तोपर्यंत एका सीझनला एवढे कोणीच टाकले नव्हते. टीमने 15 पैकी 15 मॅच जिंकल्या आणि नॅशनल चॅम्पियन झाली. मग एका वर्षात बदललं काय? माझं म्हणणं असं की पोरं फार बदलली नाहीत, खेळायची पद्धत बदलली, आणि ती कशी ते आज नीट बघूया.

ज्यांनी हा खेळ कधीच बघितला नाही त्यांच्यासाठी पटकन. अकरा विरुद्ध अकरा, हेल्मेट घालून खेळतात तो. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार चान्स मिळतात 10 यार्ड पुढे जायला, चार बॉलमध्ये दहा रन काढा, काढले की पुन्हा चार बॉल, असं समजा. चान्सला डाऊन म्हणतात. बॉल घेऊन पळा नाहीतर फेका, आणि फेकणारा तो क्वार्टरबॅक. बॉल मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे पोचला की टचडाऊन, त्याचे सहा पॉइंट, वर किक मारून आणखी एक; फेकलेल्या बॉलवर झाला तर तो टचडाऊन पास. बॉल असलेली बाजू म्हणजे ऑफेन्स, अडवणारी ती डिफेन्स. एवढं पुरे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची आहे. वरच्या डिव्हिजनमध्ये तेव्हा 130 टीम होत्या आणि रेग्युलर सीझन फक्त 12 मॅचचा. प्लेऑफमध्ये जागा किती? 2023 पर्यंत चारच! त्याही एक कमिटी ठरवायची. म्हणजे सप्टेंबरमध्ये एक मॅच हरलात तर डिसेंबरपर्यंत ती मानगुटीवर बसायची, दोन हरलात तर विषयच संपायचा. आपल्याकडे आयपीएलमध्ये पाच-सहा मॅच हरूनही टीम पुढे जाते, तसं तेव्हा इथे अजिबात नव्हतं, म्हणून प्रत्येक शनिवारी एवढं टेन्शन असायचं आणि म्हणूनच एकेका स्टेडियममध्ये लाखभर माणूस यायचा. एलएसयूचं बॅटन रूजमधलं टायगर स्टेडियमच 1 लाख 2 हजारांचं आहे.

एलएसयूचं दुखणं जुनं होतं. डिफेन्स जबरदस्त, पळणारे जबरदस्त, पण फेकणं म्हटलं की बोंब. अलाबामा युनिव्हर्सिटी हा जुना प्रतिस्पर्धी, त्यांच्याविरुद्ध 2011 च्या नोव्हेंबरमध्ये जिंकले ते शेवटचं, त्यानंतर लागोपाठ आठ वेळा हरले. 2016 ला 10-0, 2018 ला स्वतःच्या घरी 29-0. एक पॉइंट नाही! डिफेन्सने जीव तोडून खेळायचं आणि ऑफेन्सने काहीच करायचं नाही, असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि हेड कोच एड ओर्जेरॉन हा लुईझियानाच्याच मातीतला माणूस, त्याला हे फार लागत होतं.

मग त्याने 2019 च्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स सेंट्स या एनएफएल, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या टीममधून जो ब्रेडी नावाचा असिस्टंट आणला, तिशीही न गाठलेला. ऑफेन्सचा मुख्य कोच स्टीव्ह एन्समिंगर साठीचा, आणि दोघं शेजारी बसून प्लॅन करणार. अशा ठिकाणी अहंकार आडवा येतो हो, इथे नाही आला, आणि याचं श्रेय मी एन्समिंगरला जास्त देतो कारण मोठेपणा त्याने दाखवायचा होता.

बदल काय केला ते सांगतो. पूर्वी क्वार्टरबॅकजवळ दोन-तीन दांडगी माणसं संरक्षणाला ठेवायचे. आता ठरलं की समोर उभे राहून अडवणारे पाच लाइनमन तेवढे थांबतील, बाकी पाचही जण पसरून बॉल घ्यायला पळतील, अगदी रनिंग बॅक, म्हणजे एरवी बॉल घेऊन पळणारा, क्लाइड एडवर्ड्स-हिलेअरसुद्धा. मैदानाची रुंदी सुमारे 53 यार्ड, ती सगळी आता डिफेन्सला सांभाळायची. पण यात एक मोठा धोका आहे. समोरच्यांनी सहावा माणूस हल्ल्याला सोडला तर त्याला अडवायला कोणीच नाही! मग क्वार्टरबॅकला बॉल हातात यायच्या आधीच ओळखायला लागतं की कोण धावून येणार, आणि तो आला की मागे कुठली जागा मोकळी पडणार. बरोचं डोकं इथे चाललं. वडील डिफेन्सचे कोच, पोरगा लहानपणापासून हेच बघत वाढलेला. ओहायो स्टेटमध्ये मात्र तीन वर्षं बेंचवर, तिथे सगळे मिळून त्याने 39 पास टाकले, मग डिग्री पूर्ण करून 2018 ला एलएसयूला आला. आणि बॉल घ्यायला कोण, तर जस्टिन जेफरसन आणि जमार चेस! आज एनएफएल बघणाऱ्यांना ही नावं वेगळी सांगायला नकोत.

आता ऑस्टिनला जाऊ, 7 सप्टेंबर, सीझनची दुसरीच मॅच, समोर टेक्सस आणि त्यांच्या घरी. शेवटची तीनेक मिनिटं उरलीत, एलएसयू 37-31 ने पुढे, तिसरा डाऊन आणि 17 यार्ड हवेत. जुनी एलएसयू काय करती? सुरक्षित पळाली असती, घड्याळ खाल्लं असतं, बॉल लांब लाथ मारून देऊन टाकला असता आणि डिफेन्सला म्हणाली असती की बाबांनो आता तुम्ही बघा. आणि टेक्ससला एक टचडाऊन झाला असता तर किकच्या पॉइंटवर ते पुढे गेले असते. पण यांनी फेकायचं ठरवलं. टेक्ससने जास्तीची माणसं अंगावर सोडली, बरोच्या आजूबाजूला गर्दी झाली, हा मागे पळाला नाही, उलट पुढे सरकला, किंचित डावीकडे झाला आणि पाय नीट न रोवताच बॉल सोडला, मधल्या पट्ट्यात जेफरसनने तो घेतला आणि तिथून जो सुटला तो थेट टचडाऊन, 61 यार्ड. मॅच 45-38 ने जिंकली. हा एक डाऊन परत परत बघा, कारण पद्धत कागदावर बदलणं वेगळं आणि हरायची भीती असताना तीच पद्धत धरून ठेवणं वेगळं.

पुढच्या काही मॅच पटकन उरकतो कारण त्यात चुरसच नव्हती, 65-14, 66-38, 42-6. फ्लोरिडा 42-28. खरा अडथळा ऑबर्नने आणला, त्यांनी हल्ल्याला तीनच माणसं ठेवून आठ जण मागे पसरवले, जागाच बंद. मग एलएसयूने काय केलं, क्लाइडच्या हातात बॉल दिला आणि तो शंभरच्या वर यार्ड पळाला, 23-20. मला ही मॅच फार आवडते, कारण नवीन युक्ती चालेना तर हट्ट धरला नाही.

9 नोव्हेंबर, अलाबामा, त्यांच्याच घरी टस्कलूसामध्ये. हाफटाइमला एलएसयू 33-13! हाफ संपायच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात दोन टचडाऊन, मध्ये पॅट्रिक क्वीनने त्यांचा पास पळवलेला. पण अलाबामा ती अलाबामा, परत येत येत 39-34 केलं. मग क्लाइड. उंची जेमतेम 5 फूट 8 इंच, अंगावर दोन-तीन जण लटकलेले आणि हा पाय चालवतोय, चालवतोय. त्या मॅचमध्ये चार टचडाऊन त्याचे. 46-41, आठ वर्षांचा हिशोब चुकता, आणि मैदानावर बरोला खांद्यावर घेतलेलं.

डिसेंबरमध्ये बरोला हाइजमन ट्रॉफी मिळाली, कॉलेज फुटबॉलमधला सर्वात मोठा मान. भाषणात रडला तो. आग्नेय ओहायोत तो वाढला, तो भाग गरीब आहे, तिथली मुलं शाळेतून घरी जातात तेव्हा ताटात फारसं नसतं, मी त्यांच्यासाठी इथे उभा आहे, अशा अर्थाचं बोलला. ते ऐकून त्याच्या गावाकडच्या फूड पँट्रीसाठी, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रासाठी, लोकांनी पैसे द्यायला सुरुवात केली आणि ते पाच लाख डॉलरच्या वर गेले. आणि हे लक्षात घ्या की तेव्हा या पोरांना जाहिरातीतून एक पैसा कमवायची परवानगी नव्हती, ती 2021 मध्ये आली.

सेमीफायनल 28 डिसेंबरला अटलांटात, ओक्लाहोमाविरुद्ध. त्या सकाळी लुईझियानात एक छोटं विमान पडलं. त्या मॅचला यायला निघालेली एन्समिंगरची सून त्यात गेली. मॅचच्या काही तास आधी ओर्जेरॉनने त्याला हे सांगितलं. तरी तो स्टेडियममध्ये वर, कोचच्या बॉक्समध्ये आपल्या जागेवर जाऊन बसला आणि काम केलं. पहिल्या हाफमध्येच बरोचे सात टचडाऊन पास, त्यातले चार जेफरसनला, शेवटी 63-28. या मॅचचे आकडे सगळे सांगतात, मला मात्र तो वर बसलेला माणूस आठवतो.

फायनल न्यू ऑर्लिन्सला, बॅटन रूजपासून दीडेक तासावर, 13 जानेवारी 2020 ची रात्र, म्हणजे आपल्याकडे भोगीची सकाळ उजाडत होती. समोर क्लेमसन, लागोपाठ 29 मॅच जिंकून आलेले, आणि सुरुवातीला 17-7 ने पुढेही गेले. क्लेमसनने अंगावर माणसं सोडायची जोखीम घेतली, म्हणजे चेसच्या समोर एकटा माणूस राहिला, बरोने ते हेरलं आणि चेसने एकट्याने 221 यार्ड काढले. 42-25.

नंतर? पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात, 14 पोरं एनएफएलमध्ये गेली, बरो पहिल्याच नंबरला. ब्रेडी एलएसयू सोडून गेला, डिफेन्सचा कोच डेव्ह अरांडा बेलर युनिव्हर्सिटीत हेड कोच झाला, चेसने पुढचा सीझन खेळलाच नाही. 2020 च्या पहिल्याच मॅचमध्ये मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने यांच्यावर 623 यार्ड फेकले, आणि तो सीझन एलएसयूने 5 विजय, 5 पराभव असा संपवला. 2021 च्या सीझननंतर ओर्जेरॉनही एलएसयूतून बाहेर पडला. मंडळी, पहिल्यांदाच बघणार असाल तर फायनलपासून सुरू करू नका, आधी टेक्सस, मग ऑबर्न, मग अलाबामा, याच क्रमाने बघा.