नवजात बाळाच्या सीएसएफचा रिपोर्ट वाचताना

मित्रहो, तान्ह्या बाळाला मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा जंतुसंसर्ग, झालाय हे नुसतं बघून सहसा कळत नाही. मोठ्यांची मान ताठते. दहा दिवसांच्या बाळाची बहुधा ताठत नाही, आणि टाळू फुगलीच तर उशिरा. आई एवढंच सांगते, "कालपासून दूध ओढत नाही, अंग गार लागतंय." तेवढ्यावर पाठीतलं पाणी, म्हणजे सीएसएफ, काढायचं ठरवावं लागतं. "पाठीत सुई टोचली की पोर लुळं पडतं," ही भीती घराघरांत आहे. तिच्यावर चिडू नका. बाळाचा मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो, सुई चौथ्या-पाचव्याच्या मधून जाते. आजीला आपल्याच कमरेवर बोट ठेवून दाखवा.

आता रिपोर्ट. मोठ्या माणसाच्या पाण्यात पाचाहून जास्त पांढऱ्या पेशी दिसल्या की आपण सावध होतो. निरोगी नवजाताच्या पाण्यात पंधरा-वीससुद्धा असू शकतात. प्रोटीन १०० मिलिग्रॅमपर्यंत, अपुऱ्या दिवसांच्या बाळात १५०पर्यंतही चालतं. म्हणून आकडा थोडा वाढला की घाबरायचं कारण नाही. मला जास्त काळजी वाटते ती उलट बाजूची. २००६ साली अमेरिकेतल्या ९,१११ नवजातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९५ बाळांचा मेनिंजायटिस कल्चरने, म्हणजे पाण्यातले जंतू वाढवून पाहून, सिद्ध झाला होता. २१ पेशींची मर्यादा धरली तर त्यातलं साधारण दर पाचवं बाळ निसटत होतं. शिवाय मेनिंजायटिसच्या या बाळांपैकी ३८ टक्क्यांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नव्हतं! रक्त स्वच्छ आहे म्हणून एलपी (पाठीतून पाणी काढणं) टाळायची, ही आपल्याकडची सवय किती महाग पडते बघा.

लॅक्टेट, प्रोकॅल्सिटोनिन, इंटरल्युकिन-६ या तपासण्यांची मदत होते, पण जन्मतः गुदमरलेल्या बाळात लॅक्टेट तसंही वाढतं. पीसीआर, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, मिळत असेल तर जरूर करा. निर्णय मात्र आजही कल्चरवर आणि समोरच्या बाळावर उभा आहे.

एक गोष्ट सिस्टर आणि लॅबवाल्यांना हात जोडून सांगतो. काढलेल्या पाण्याचा बल्ब (छोटी बाटली) ट्रेमध्ये पडून राहिला, तर खोलीच्या तापमानाला दोन तासांत न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जवळपास निम्मे होतात, ग्लुकोजही उतरतं. मग येणारा रिपोर्ट बाळाचा राहत नाही, त्या ट्रेचा होतो. बल्ब हातोहात पोचवा. रक्तातली साखर एलपीच्या आधी तपासा, नाहीतर पाण्यातल्या ग्लुकोजची तुलना कशाशी करणार?

आणि बाळ श्वासासाठी झगडत असेल, तर एलपी पुढे ढकला, अँटिबायोटिक मात्र लगेच सुरू करा. सावरल्यावर पाणी काढाच. कल्चर कदाचित उगवणार नाही, पण पेशी आणि प्रोटीन काही दिवस बिघडलेले राहतात. अँटिबायोटिकचे सेप्सिससाठीचे (रक्तातल्या जंतुसंसर्गासाठीचे) दहा दिवस पुरतील की मेनिंजायटिसचे एकवीस द्यायचे, हे त्यावरूनच ठरवता येतं.