एल्गार निघाले शर्यतीला

नमस्कार श्रोतेहो. व्हायोलिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मांडी घालून बसलेला कलाकार येतो. आजचा आपला मुलगा उभ्यानं वाजवतो. येहुदी मेन्युहिन, जन्म 1916. पहिल्या तबकड्या 1928 च्या, वय जेमतेम बारा. छोट्या रचना, पियानोच्या साथीनं. मग 1931 मध्ये पहिला कॉन्चेर्तो, जर्मन संगीतकार ब्रुख यांचा. एकटा वादक आणि सोबत अख्खा वाद्यवृंद.

तबकडीच्या एका बाजूवर तेव्हा चार-साडेचार मिनिटं मावत. गॅसवरचं दूध उतू जायच्या आत बाजू संपायची. आणि मुद्रण व्हायचं मेणाच्या थाळीवर, त्यावर कोरलेलं पुसता येत नसे. शेवटच्या सुराला चुकलात, तरी ती बाजू पहिल्यापासून. आता सूर कापून-जोडून वर त्याला ‘लाइव्ह’ म्हणतात! असो.

मला सांगायचंय ते 1932 चं. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग, 1902 मध्ये कलकत्त्याला येऊन गौहर जान यांचं गाणं मुद्रित करणारे तेच, त्यांनी ठरवलं की इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांचा कॉन्चेर्तो या पोरानं वाजवायचा आणि वाद्यवृंद स्वतः एल्गार यांनी चालवायचा. पोरगा सोळाचा, एल्गार पंच्याहत्तरचे! आधी लंडनच्या हॉटेलात तालीम ठरली. पोरानं तयारी केलेली. रचनाकार समोर बसलेले. पियानोवर आयव्हर न्यूटन. व्हायोलिन सुरू झालं, थोडं पुढे गेलं, आणि एल्गार यांनी थांबवलं. पोराच्या पोटात गोळा. एल्गार म्हणाले, मला काही काळजी नाही, छानच होईल. आता मी निघतो, घोड्यांच्या शर्यतीला जायचंय. आणि गेले की!

न्यूटन यांची आठवण जरा निराळी आहे, पण मी मेन्युहिन यांचीच सांगणार. आपल्याकडचे गुरुजी असते तर पहिलीच ओळ तासभर घोटून घेतली असती. त्यानं गाणं पक्कं होतं, पण पोरं घाबरट होतात, हे माझं जुनं मत.

जुलैच्या 14 आणि 15 तारखेला, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, सहा तबकड्या, बारा बाजू. हो, बारा बाजू, आणि प्रत्येक बाजू एका दमात.

आता पहिली बाजू लावतोय. व्हायोलिनची वाट पाहावी लागेल. आधी तीनेक मिनिटं नुसता वाद्यवृंद आहे. मग तो सुरुवातीचीच ओळ पुन्हा उचलतो आणि अर्ध्यावर सोडतो. उरलेली अर्धी पोरगा पुरी करतो. तिथे कान द्या.