राहून गेलेली पायरी

श्रोतेहो, नमस्कार. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात फार तर 21 जण, मुदत 5 वर्षं, हे नियम 2012 साली थेट राज्यघटनेत गेले. 97 वी घटनादुरुस्ती ती. कोल्हापूर जिल्ह्यात ऊस घालणाऱ्या, दूध घालणाऱ्या प्रत्येक सभासदाशी तिचा संबंध होता. पुढं तिचा मोठा भाग न्यायालयात गळून पडला. कारण एक पायरी राहिली होती.

घटना बदलायची तर 368 वं कलम. विधेयक संसदेतच मांडावं लागतं. राज्याला ती मुभा नाही. प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. लोकसभेच्या 543 जागा धरल्या तर किमान 272 मतं हवीत, आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशही हवेत. 360 जणांनी मत दिलं तर दोन तृतीयांश 240 होतात, पण 240 वर भागत नाही. राज्यसभेत अडलं तर संयुक्त बैठकीचा मार्ग इथं नाही.

राज्यांच्या अधिकाराला हात लागत असेल, तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे होकाराचे ठराव लागतात. 28 राज्यांपैकी 14. ठराव साध्या बहुमताचा. त्यानंतरच राष्ट्रपतींची संमती. जीएसटीच्या वेळी 2016 मध्ये हे रीतसर झालं, महाराष्ट्रानंही ऑगस्टमध्ये ठराव केला.

सहकाराच्या वेळी मात्र ठराव घेतलेच नाहीत. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीतला, 32 वा विषय. केंद्राचं म्हणणं असं, की आम्ही सूचीतला एक शब्दही बदललेला नाही. हा युक्तिवाद तसा चलाख होता. पण बांध जागेवर ठेवून शेत आखडलं, तरी शेत कमी होतंच की! 20 जुलै 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तेच धरलं: राज्याच्या कायदे करण्याच्या अधिकारावर बंधन आलं, म्हणजे राज्यांची मान्यता हवीच होती. दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं राज्यांतर्गत संस्थांपुरता दुरुस्तीतला या नियमांचा भाग रद्द झाला.

मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या संस्थांना तो लागूच राहिला, कारण तो विषय केंद्राचा. दूध संघ मल्टिस्टेट करण्यावरून जिल्ह्यात केवढं रान पेटलं होतं, आठवत असेल. मल्टिस्टेट झालं की संस्था राज्याच्या 1960 च्या सहकार कायद्यातून निघते आणि केंद्राच्या 2002 च्या कायद्याखाली, केंद्रीय निबंधकाकडं जाते. राज्यातल्या संस्थेत संचालक किती असावेत, हे मात्र आता पुन्हा मुंबईच्या विधिमंडळातच ठरतं. नमस्कार.