शाळा सुटल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो.

शाळा सुटते, दप्तर घरात पडतं आणि पोर लगेच पुन्हा बाहेर पडतं. कुणी ट्यूशनला, कुणी कराटेला, कुणी तबल्याला. शाळेत त्याच्यासाठी मुख्याध्यापक असतात, तक्रारपेटी असते, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असते. क्लासमध्ये यातलं काय असतं?

२४ मे २०१९ रोजी सुरतेत एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर क्लास चालू असताना आग लागली. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. २२ जीव गेले. बातमी ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणी करा, आगीपासून संरक्षणाची सोय ठेवा, १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका. चांगलंच झालं. पण त्यांतली व्याख्या वाचली आणि मी थबकले. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असतील तरच ते कोचिंग. खेळ, नृत्य, नाट्य तर त्यातून वगळलेलंच आहे. म्हणजे गल्लीतली पंधरा मुलांची शिकवणी सुटली, पोहण्याचा क्लासही सुटला. आणि लहान मूल एकट्या मोठ्या माणसाच्या हवाली होतं ते बहुतेकदा अशाच ठिकाणी.

कायदा मुळीच नाही असं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पोक्सो कायद्याचे २०२० चे नियम सांगतात की मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं, क्रीडा अकादमीनंसुद्धा, आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळानं पोलीस पडताळणी करून घ्यायची. पण वॉर्डात क्लास किती याची यादीच नसेल, तर तपासायला कुणाच्या दारात जाणार? ती यादी पालिकेनं आणि ग्रामपंचायतीनं करावी, एवढं माझं मागणं आहे. फॉर्म अर्ध्या पानाचा असावा आणि त्याला फी नसावी. दहा मुलं शिकवून घर चालवणाऱ्या बाईला हेलपाटे पडता कामा नयेत.

आणि मुलाबद्दल काहीही खटकलं तर १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवा, दिवसा किंवा रात्री, कधीही.

मागच्या महिन्यात नातवाच्या तबल्याच्या सरांना मी विचारलं, "सर, तुमची पोलीस पडताळणी झालीय का?" त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "आजी, बारा वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. ती कुठं करून मिळते?"