बरणीतला कोळसा

मंडळी, पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘वरोऱ्याची कोळसा खाण का बंद पडली’ असा छापलाय. तिथे येतोच. त्याआधी एक सांगा, वरोरा म्हटलं की काय आठवतं? ...हां, आनंदवन. मागून कुणीतरी ‘वीजकेंद्र’ म्हणालं, ते साहेब वरोऱ्याचेच असणार.

आनंदवनाबद्दल माझी काही तक्रार नाही. असती तरी नागपुरात भर सभेत ती बोलून दाखवायची माझी छाती नाही. पण जरा साल बघा. बाबा आमट्यांचा जन्म 1914 चा, हिंगणघाटचा. वरोऱ्याची सरकारी खाण बंद झाली 1906 ला. म्हणजे बाबा जन्मायच्या आधीच हे गाव एकदा भरभराटीला येऊन ओसरलेलं होतं. त्या पहिल्या वरोऱ्याचं नाव कुणी काढत नाही, हे माझं जुनं दुखणं. घरी हा विषय काढायला मला बंदी आहे, म्हणून तुमच्याकडे आलो.

आता ही बरणी का आणली, ते सांगतो. मी भूगोलाचा मास्तर. एका वर्षी आमच्या शाळेला विज्ञान प्रदर्शनाचं बोलावणं आलं. मी ठरवलं, वर्धा खोऱ्यातला कोळसा मांडायचा. एका विद्यार्थ्याचे वडील वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत होते, त्यांनी खाणीतून नुकताच निघालेला डल्ला दिला. सोललेल्या नारळाएवढा, काळा कुळकुळीत, उजेडात धरला की एका बाजूने आरशासारखा चमकायचा. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिवाणाखाली ठेवला. दिवाळीत आणलेला, प्रदर्शन फेब्रुवारीत. मधल्या काळात बायकोने दोनदा विचारलं, ‘हे काय आहे?’ मी दोनदा म्हणालो, ‘विदर्भाचा इतिहास आहे, हात लावू नकोस.’

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक टेबलाशी आले तेव्हा मी मोठ्या ऐटीत पुडकं सोडलं. आत डल्ला नव्हताच. चुरा होता. चहाच्या भुकटीसारखा, मध्ये दोन-चार खपल्या. माझ्याच वर्गातलं पोरगं सगळ्यांदेखत म्हणालं, ‘सर, हा त भुगा झाला जी!’ परीक्षकांनी चिमूटभर उचलून बोटांवर चोळला, वास घेतला आणि विचारलं, ‘काळी जमीन कुठल्या तालुक्यातली?’ मी समजावत राहिलो, ते पुढच्या टेबलावर गेले. तिथे खायच्या सोड्याचा ज्वालामुखी होता. अहो, ज्वालामुखी! ज्या विदर्भाच्या निम्म्या भागात पायाखाली खराखुरा लाव्हा पसरलाय, तिथे सोड्याच्या फेसाला पहिलं बक्षीस! आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, ‘माती परीक्षण’. अजून आहे माझ्याकडे. लॅमिनेट केलंय.

हसा, हसा. पण त्या रात्री मला कळलं की खाणीचं उत्तर त्या पुडक्यातच होतं. आपल्या खोऱ्यातल्या कोळशात पाण्याचा अंश जास्त. जमिनीखाली असतो तोवर ठीक. बाहेर काढला की वाळतो, तडकतो, भुगा होतो. भुगा झाला की हवा लागायला जागा वाढते, हवेतला प्राणवायू कोळशात मुरतो आणि आतल्या आत ऊब धरते. मोठ्या ढिगात ही ऊब बाहेर पडत नाही, साठत जाते. मग काडी न लावता ढीग धुमसतो. ओल्या कडब्याच्या गंजीत हात घालून बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

...चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे’. म्हणजे वीस मिनिटं माझ्या पुडक्यातच गेली. बरं, आता पळतो.

रेल्वे नागपूरला आली 1867 ला. इंजिनाला कोळसा हवा. बंगालचा कोळसा अलाहाबाद-जबलपूरच्या वळशाने यायचा, विलायतेचा बोटीने, दोन्ही महाग. नागपूरहून सरळ हावड्याची वाट 1891 पर्यंत नव्हती. अशा वेळी वर्धा नदीच्या खोऱ्यात, चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, कोळसा सापडला. सरकारने स्वतः खाण काढली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर रूळ टाकले. 1877 साल. त्या रेल्वेचं नावच मुळी ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. वाटेत हिंगणघाटचा कापूस मिळाला, तो वरकड.

खाण जमिनीखालची. कोळशाचेच खांब सोडायचे, मधला कोळसा काढायचा, छत त्या खांबांवर. खांब बारीक केले तर छत बसतं, जाड ठेवले तर कोळसा आतच राहतो. आणि आपला कोळसा तर दिवाणाखालीसुद्धा धड राहत नाही! खांब दाबाखाली तडकणार, पायाशी भुगा साचणार, भुगा तापणार. वरोऱ्याचा कोळसा आपोआप पेटण्यासाठी बदनामच होता. आग लागलेला भाग भिंत बांधून बंद करावा लागतो, म्हणजे त्यामागचा कोळसाही गेला. त्यात 1891 नंतर बंगालचा चांगला कोळसा सरळ वाटेने येऊ लागला. तीसेक वर्षांत संपलं सगळं.

माझा खरा मुद्दा मात्र वेगळाच आहे, तीन मिनिटांत सांगतो. खाण मेली, रूळ राहिले. ते पुढे चांदा-बल्लारपूरकडे गेले, तिकडच्या कोळशासाठी. 1929 ला बल्लारशा, म्हणजे बल्लारपूरचं स्टेशन, तेलंगणातल्या काझीपेटला जोडलं गेलं आणि दिल्ली-मद्रास सलग झालं. आज तुम्ही दिल्लीहून चेन्नईला जाता, तेव्हा सेवाग्राम सोडल्यावर वरोऱ्यापर्यंत जी पट्टी लागते, ती उत्तर-दक्षिण जोडायला कुणी आखलेली नव्हती. एका धुमसणाऱ्या खाणीचा माल ओढायला टाकलेली ती वाट. आणि बहुतेक लांबच्या गाड्या आता त्या वरोऱ्यालाच थांबत नाहीत!

गावात आता कोळशावरची वीजकेंद्रं आहेत, एक सहाशे मेगावॅटचं. आसपास ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या खाणी, आणि ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे डोंगर. कोळसा परत आला, फक्त... हो हो, थांबतो. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय.

ही बरणी चहाच्या टेबलाशी ठेवतो. लोणच्याचीच आहे. आतला डल्ला पाण्यात बुडवून ठेवलाय, पाण्यात तो तडकत नाही, तीन वर्षं अख्खा आहे. बघा, फिरवून बघा, पण झाकण उघडू नका. मागच्या व्याख्यानात एका गृहस्थांनी लोणचं समजून चमचा घातला होता.