पहिल्या सरीचं पाणी

(दृश्य: विजापूर रोडजवळची एक गल्ली. भरून आलेलं आभाळ.)

सोलापूरचा पाऊस मोजका. त्यातला बराचसा सप्टेंबरात, धो धो. प्यायचं पाणी येतं शंभर किलोमीटरवरच्या उजनीतून, आणि नळाचा दिवस कोणता हे लहान पोरालाही पाठ असतं. त्याच गल्लीतून एका सरीचा लोंढा तासाभरात वाहून जातो.

हिशेब करू. रस्ता ९ मीटर रुंद, १०० मीटर लांब. १० मिलिमीटर पाऊस झाला की त्यावर ९,००० लिटर पाणी पडतं. जवळजवळ मोठा टँकरभर! मला हे बघवत नाही.

(दृश्य: रस्त्याची कड, अगदी जवळून.)

पण हे पाणी स्वच्छ नाही. काळपट आहे, वर तेलाचा सप्तरंगी तवंग. त्यात टायरची झीज, ब्रेकची धूळ, माव्याचे कागद, कुठे मागावरचे सुताचे धागे. आठ महिने रस्त्यावर साचलेलं पहिल्या सरीतच धुऊन निघतं आणि नाल्यातून तळ्याकडे जातं. म्हणून छपराचं पाणी बोअरला जरूर सोडा, रस्त्याचं थेट कधीच नको.

त्याला आधी मातीतून जाऊ द्यायचं. फुटपाथचा कडेचा दगड फूटभर कापायचा, आत गाळ बसायला छोटी टाकी, आणि पुढे रस्त्यापेक्षा खोलगट वाफा. आपली काळी माती भिजली की फुगते, पाणी मुरू देत नाही. त्यामुळे तीनेक फूट खणून ती काढावी लागते. तळाला खडी आणि भोकं पाडलेला पाइप, वर वाळू जास्त असलेली माती. घराच्या पायापासून लांबच. लावायचं काय? कर्दळ, आणि आपण माठात टाकतो तो वाळा. त्याची मुळं खोल जातात, माती मोकळी ठेवतात. गाळ वरच अडतो, तेल मातीतले जिवाणू हळूहळू खातात. जास्तीचं पाणी पाइपातून गटारात.

डासांची भीती सगळे बोलून दाखवतात. बरोबरच आहे. वाफ्यातलं पाणी दोन दिवसांत उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर वरचा थर बुजलाय, तो खरवडायचा.

(दृश्य: फावडं, पाटी.)

मृगाआधी टाकीतला गाळ काढायचा. काळा, तेलकट वासाचा. भाजीच्या वाफ्यात तो अजिबात टाकू नका, त्यात शिसं, जस्त असू शकतं.