बावन्न बुधवार

मित्रहो, सांगलीच्या एस. टी. स्टँडवर इंद्रजाल कॉमिक्सचा अंक घ्यायचा आणि मिरज येईपर्यंत तो वाचून संपवायचा, हा उद्योग केलेली मंडळी आज या सभागृहात बरीच दिसत आहेत. १९६४ साली सुरू झालेल्या त्या मालिकेत वेताळाची गोष्ट बहुधा एका अंकात उघडून त्याच अंकात मिटत असे. आज ज्या मालिकेविषयी बोलायचे आहे तिच्यात अंक मिटला तरी गोष्ट मिटत नाही, आणि चालू असलेली गोष्टही एकच नसते.

डीसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने '५२' ही साप्ताहिक मालिका १० मे २००६ रोजी सुरू केली आणि २ मे २००७ रोजी बावन्नावा अंक काढून ती संपवली. अमेरिकेत सुपरहिरोंच्या मालिका सहसा मासिक असतात आणि नवे अंक बुधवारी दुकानांत येतात. या मालिकेने वर्षभरातला एकही बुधवार चुकवला नाही. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन हे तिघेही वर्षभर गैरहजर आहेत, ही तिची मूळ अट, आणि त्यामुळे एरवी मागच्या रांगेत उभी राहणारी पात्रे पुढे आली. कथेतला एक आठवडा म्हणजे एक अंक. चौकटीत 'दिवस पहिला', 'दिवस चौथा' अशी नोंद असते, आणि डिसेंबरात वाचकाकडे नाताळ असेल तर पात्रांकडेही नाताळच असतो.

जेफ जॉन्स, ग्रँट मॉरिसन, ग्रेग रुका आणि मार्क वेड या चार लेखकांनी ती मिळून लिहिली. चित्रकार अंकागणिक बदलत राहिले, तरी प्रत्येक पानाचा कच्चा आराखडा बावन्नही अंकांत किथ गिफन यांनीच केला, म्हणून हात बदलला तरी वाचणाऱ्याचा डोळा अडखळत नाही. अशा कामात लेखकांची नावे गाजतात, पण माझ्या मते मालिका वेळेवर निघण्याचे निम्मे श्रेय या आराखड्यांना द्यायला हवे.

आता धागे एकमेकांत कसे गुंततात ते एका ठिकाणी जवळून पाहू. काँडाक या काल्पनिक देशाचा राजा ब्लॅक ॲडम हा एक धागा. गॉथम शहरातली माजी पोलीस अधिकारी रेने मॉन्टोया आणि तिला शिष्या करू पाहणारा, चेहरा नसलेला 'क्वेश्चन' हा दुसरा. जगभरातले विक्षिप्त शास्त्रज्ञ एकामागून एक नाहीसे होत आहेत, हा तिसरा. सोळाव्या आठवड्यात ब्लॅक ॲडमचे इसिस नावाच्या नायिकेशी लग्न लागते, आणि त्या आनंदी गर्दीत अंगावर बॉम्ब बांधलेली एक कोवळी मुलगी शिरलेली असते. मॉन्टोयाला तिच्यावर गोळी झाडावी लागते. लग्न सुखरूप पार पडते, पण ते वाचवणारी बाई तिथून पुढे कित्येक अंक मोडून पडलेली दिसते. एकाच प्रसंगातून दोन धाग्यांना उलट्या दिशेची गती मिळते. शास्त्रज्ञ एका बेटावर सापडतात आणि तिथे ते चार संहारक दूत घडवतात. त्यांच्यापायी इसिस आणि तिचा भाऊ मारले जातात, आणि शोकाने पेटलेला ब्लॅक ॲडम बियालिया नावाचा अख्खा देश बेचिराख करतो. सुरुवातीच्या अंकांत जो शास्त्रज्ञांचा धागा थोडा गमतीचा, काहीसा वात्रट वाटला होता, त्याचाच हा परिणाम असतो, आणि वाचकाला तो गाफील गाठतो.

साप्ताहिक वाचनाची खरी करामत मात्र वाट पाहण्यात आहे. भविष्यातून प्रसिद्धीसाठी आलेला, पोशाखावर कंपन्यांच्या जाहिराती मिरवणारा बूस्टर गोल्ड पंधराव्या आठवड्यात सर्वांदेखत जळून मरतो. त्याआधीच सुपरनोव्हा नावाचा एक मुखवटाधारी नायक अवतरलेला असतो, आणि तो कोण याविषयी वाचक तर्क लढवत असतात. उत्तर सदतिसाव्या आठवड्यात मिळते: तो बूस्टरच आहे, कालप्रवासाच्या जोरावर त्याने स्वतःचे मरण रचले होते. पंधरा ते सदतीस म्हणजे ऑगस्ट ते जानेवारी. एवढ्या काळात वाचक त्या मेलेल्या माणसाला जवळजवळ विसरलेला असतो, आणि लेखकांना हवे असते तेच. हीच दोन प्रकरणे एका बैठकीत वाचली तर रहस्य अर्ध्या तासात उलगडते आणि फारसे काही वाटत नाही.

दोषही आहेत. अंतराळात भरकटलेल्या स्टारफायर, ॲनिमल मॅन आणि ॲडम स्ट्रेंज यांचा धागा मला बराच काळ रेंगाळलेला वाटला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, या वर्षात इतर नायकांच्या आयुष्यात काय घडले ते सांगण्याचा संकल्प मुख्य मालिकेत मावलाच नाही, आणि पन्नासाव्या आठवड्यासोबत 'तिसरे महायुद्ध' नावाचे चार जादा अंक काढून तो उरकावा लागला. ते अंक वाचताना घाई जाणवते. बावन्न अंकांची जागा मोठी वाटते, पण धागे इतके घेतले की तीही अपुरी पडते.

आपल्याकडे आता वाचायचे झाले तर तेरा-तेरा अंकांचे चार खंड मिळतात. माझे सांगणे एवढेच की खंड हाती आला तरी आठवड्याला एकच अंक वाचावा, आणि कोणता धागा कुठे राहिला याची टिपणे काढू नयेत; आठवायला थोडे कष्ट पडू द्यावेत.

'यानंतर काय वाचावे' असे मघाशी कुणी तरी विचारले. लगेच पुढची साप्ताहिक मालिका 'काउंटडाउन' होती, आणि तिच्यात अंकांचे क्रमांक एक्कावन्नपासून एकपर्यंत उतरत जातात. कल्पना चमकदार आहे, पण त्यामुळे त्या त्या आठवड्याला स्वतःचे वजन उरत नाही, प्रत्येक अंक पुढच्या मोठ्या घटनेची जाहिरात होऊन बसतो. मी ती अर्ध्यावर सोडली. त्यापेक्षा नंतरची 'ट्रिनिटी' पाहावी. तीही बावन्न अंकांची आहे, आणि नव्या वाचकाने '५२' नंतर तिच्याकडे वळावे.